आमचं दार वगळून

ईरा, निनाद, अल्लीपूर सोडलं तेव्हा तुमची आई दहा वर्षांची होती. टेम्पोत सामान चढलं आणि माझ्या सासूबाई फाटकाशी येऊन म्हणाल्या, "सूनबाई, तिकडं जाऊन बाटजो नोको." मी हसले. जिला इकडचे देव कधी पटले नाहीत, ती तिकडचा कशाला धरेल?

तुमच्या आजोबांना पुलगावकडच्या एका मिशन दवाखान्यात लॅबमध्ये नोकरी लागली होती. कंपाउंडमध्ये चौदा क्वार्टर्स, तेरा ख्रिस्ती कुटुंबांची, एक आमचं. दर गुरुवारी संध्याकाळी पाळीनं एकेका घरी प्रार्थना असे. आमची पाळी येण्याआधीच मी पास्टरांना सुवाच्य अक्षरात चिठ्ठी दिली: आम्ही कोणताच धर्म पाळत नाही, कृपया आमचं घर वगळावं.

आजोबा म्हणाले, "अवं, गाणं म्हणतीन, चहा पेतीन अन् जातीन. तुयं काय जाते?"

मी ऐकलं नाही. स्पष्ट सांगणं म्हणजे प्रामाणिकपणा, असं तेव्हा वाटे.

कंपाउंडातल्यांनी माझा शब्द राखला. नाताळात करंज्या यायच्या, आजारपणात शेजारच्या मार्थाबाई पेज पाठवायच्या. गुरुवार मात्र बारा नंबरवरून थेट चौदावर जाई. पंधरा वर्षं.

मग आजोबा गेले. कंपाउंडात कुणी गेलं की आठवडाभर संध्याकाळी सगळे त्या घरी जमत, गात, रडत. माझ्याकडे दिवसा डबे आले, दवाखान्याचे कागद कुणीतरी आणून दिले. संध्याकाळी घर रिकामं. तुमची आई परदेशातून पोचायला चार दिवस होते. मी दार उघडं ठेवून बसले. समोरच्या ओट्यावर माणसं बसलेली दिसत. आत कुणी येत नव्हतं.

पुढे मार्थाबाईंना विचारलं, "का नाही आलात हो?"

"तुमीच तं लिहून देल्लं होतं, म्याडम. आमी रोज ओट्यावर बसून रायलो, तुमी हाक माराल म्हणून."

"मी प्रार्थनेला नको म्हटलं होतं, माणसांना नाही."

"आमाले ते अलग काढता येत नाई न," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

नोकरीबरोबर क्वार्टरही गेलं. आता वर्ध्याचा फ्लॅट नीटनेटका आहे. तुम्ही फोनवर विचारता, आजी, तुझं घर नक्की कुठलं? अल्लीपुरात ओळखीचं कुणी उरलं नाही. मनात येतं ते कंपाउंडच. देव मी आजही मानत नाही आणि त्याची खंत नाही. खंत याची की, चार पावलांवर माझी माणसं बसली होती आणि 'या, आत या' एवढं मला म्हणता आलं नाही.