रावसाहेबांच्या मोटारीची पितळी पट्टी

मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडं किस्से किती साठत्यात म्हणून सांगू! आमी मोटार खोलतो तवर मालक झाडाखाली बसून बोलतो, डायवर बोलतो, रस्त्यानं जाणारा बी उगंच थांबून चार गोष्टी ऐकवून जातो. आमची शेड मांजरसुंब्याच्या फाट्यावर. निजामाचं राज्य, अन् अख्ख्या इलाख्यात मोटारी चार-पाच. त्यामुळं माझे निम्मे किस्से एकाच मोटारीचे हायेत, अन् त्यातले बी बरेच तिच्या एका पट्टीचे!

मोटार रावसाहेब देशमुखांची. हैदराबादेहून जुनीच आणलेली. लाकडी सांगाड्यावर पत्रा, अन् दोन्ही अंगांना पुढून मागपर्यंत पितळी पट्टी. गाडीवाटेनं हादरे खाऊन ती पट्टी सारखी सुटायची. ती बसवायचं काम आमच्या इब्राहिम उस्तादांचं. मी सखाराम, त्यांच्या हाताखालचा.

*

एकदा तालुकदारसाहेब, म्हंजे निजामाचे जिल्ह्याचे कलेक्टर, दौऱ्यावर आलते. रावसाहेब ऐटीत मोटारीतून उतरले, सलाम करायला निघाले, अन् धोतराचा सोगा अडकला सुटलेल्या पट्टीत! रावसाहेब पुढं, धोतर मागं. तालुकदारसाहेब सज्जन माणूस, त्यांनी आभाळाकडं बघितलं.

दुपारी रावसाहेब आमच्या शेडात हजर. "उस्ताद, इंजन ऱ्हाऊ द्या. आधी ती पट्टी बसवा!"

*

मी तांबटाच्या घरातला. वाकडं पितळ दिसलं की हात हातोडीकडं जायचाच. उस्ताद नमाजला गेलते, तेवढ्यात मी पट्टी काढली, ऐरणीवर घेतली अन् ठोकून ठोकून आरशासारखी सपाट केली. लावायला गेलो तर बसंना! पितळ ठोकलं की पसरतं, हे आमच्या घरातल्या लेकराला बी ठावं. पण घरी भांडं पसरवायचंच असतं, तेच हातात बसलेलं. पट्टी दोन बोटं लांब झालती.

उस्ताद आले. एकदा पट्टीकडं, एकदा माझ्याकडं बघितलं.

"क्या बे सख्या! आता मोटार बी ठोक. ती बी होऊ दे दोन बोटं लांब!"

*

एका उन्हाळ्यात रावसाहेबांच्या डायवरनं शहाणपणा केला. उस्तादाकडं कशाला जायचं म्हणून त्यानं पट्टी गूळ-चुन्यानं चिकटवली, भिंतीला लावत्यात तसा घोटून. चिकटली बी झकास! पण चुन्यापेक्षा गूळ जास्त पडलता. दुसऱ्या दिवशी शेडात मोटार आली तर पट्टीभर मुंगळे, अन् आत रावसाहेब धोतर झटकत बसलेले.

उस्ताद म्हणले, "रावसाहेब, आता पेट्रोलची फिकीर नक्को. मुंगळेच ओढून नेतील!"

रावसाहेब बी हसले. त्या दिवशी सगळेच लई हसलो.

*

उस्तादांची एक तऱ्हा होती. पट्टी बसवताना डोळे मिटायचे. भोक सैल झालं असंल तर त्यात बाभळीची खुंटी ठोकायची, मग स्क्रू. अन् शेवटी अंगठा पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा.

गिऱ्हाइकं टकामका बघायची. मी छाती फुगवून सांगायचो, "आमच्या उस्तादाला डोळे लागतच न्हाईत!"

खरंच सांगतो, मला काही म्हंजे काही कळलं न्हाई. रोज शेजारी बसून बी न्हाई. त्यांना दिसायचं कमी झालतं, अन् मी त्याची जाहिरात करत होतो.

*

मग रावसाहेबांच्या लेकीचं लग्न आलं. नवरदेवाची वरात याच मोटारीतून निघायची. उस्तादांनी सकाळी पट्टी बसवली. मांडवासमोर मोटार उभी, भोवती सोयरे-धायरे. मी बघितलं तर पट्टी मागच्या टोकाला बोटभर वर चढलेली.

गप बसायचं ना! वरातीच्या धुळीत कोण बघणार होतं? पण मला शहाणपण दाखवायचं होतं. मी मोठ्यानं म्हणलो, "रावसाहेब, उस्तादांची पट्टी तिरकी हाय. त्यांना आता दिसत न्हाई वाटतं!"

सोयरे हसले. रावसाहेब म्हणले, "मग तू बसव की."

उस्तादांनी स्क्रू आवळायचा पेचकस लुंगीला पुसला, माझ्या हातात दिला अन् चालत निघून गेले. आठ दिवसांत शेड सोडली, पाटोद्याला लेकीकडं गेले. तवापासून सगळी कामं माझ्याकडं. लोक मला उस्ताद म्हणायला लागले. दर वेळी वाटायचं, आपल्याच हातानं आपल्या थोबाडीत मारून घ्यावी.

*

वरीसभर मी माफी मागायला जायचं ठरवत होतो. मोकळ्या हातानं जायची हिंमत होईना. शेवटी मीच पट्टीचे स्क्रू काढले, रावसाहेबांना म्हणलो, "हे काम उस्तादांशिवाय होत न्हाई," अन् मोटार घेऊन पाटोद्याला गेलो.

उस्ताद ओट्यावर बसून चाचपत बाजेची सुतळी आवळत होते. माझा आवाज ओळखला. उठून मोटारीपाशी आले, बोटानं भोकं चाचपली.

"सुटली न्हाई बे. सोडलीय. भोकातल्या स्क्रूच्या आट्या शाबूत हायेत, हादऱ्यानं घासल्या न्हाईत. कुण्या गाढवानं सोडली?"

"मीच, उस्ताद."

लई हसले. तवाच पाय धरायचे होते मी, पण मी स्क्रूची पुडी काढून त्यांच्या हातात दिली. ते कामाला बसले. मागच्या टोकाला त्यांनी नवंच भोक पाडलं, कशापायी ते मला कळंना. सगळे स्क्रू आवळून झाल्यावर म्हणले, "बघ बे. सरळ बसली का?"

मी बघितलं. मागचं टोक दोन बोटं वर. लग्नातल्यापेक्षा बी तिरकी!

"एकदम सरळ हाय, उस्ताद."

त्यांनी त्या टोकावर हात ठेवला. "दोन बोटं वर हाय. मुद्दाम चढवलीय मी."

मी खाली पडलेला पेचकस उचलून पुसायला लागलो.

"हेच खोटं त्या दिवशी मांडवात बोलला असतास," उस्ताद म्हणले, "तर तुझं काय गेलं असतं बे?"