शिडाचे टक्स

वरसाव्याच्या खाडीत मी सुट्टीच्या दिवशी शिडाची छोटी होडी चालवतो. नवघरच्या आमच्या सोसायटीत याला वेड म्हणतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही. शीड चिनी पद्धतीचं. छत्रीच्या कापडावर आडव्या बांबूच्या काठ्या बांधलेल्या. दोरी ओढली की चिकाच्या पडद्यासारखं वर जातं. दिसायला झकास. पण वाऱ्यासमोरून होडीचं नाक फिरवून दुसऱ्या बाजूला वळायचं म्हटलं, की होडी अर्ध्यातच थबकायची, शीड नुसतं फडफडायचं आणि ओहोटी आम्हाला मागे मागे न्यायची. मग वल्हं मारून वळवायचं. म्हणजे शिडाची अब्रू गेलीच.

दोन वर्षांपूर्वी बायको पहिल्यांदा बसली आणि नेमकी त्याच दिवशी होडी अशी अडकून पुलाच्या खांबाकडे वाहत निघाली. खांब हातभर राहिला असताना वल्ह्याने सुटलो. त्यानंतर ती होडीत बसली नाही. मला ते फार लागलं. होडी मी दोघांसाठी बांधली होती. निवृत्तीनंतर एकमेकांसोबत काय करायचं, याचं दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वल्ह्याशिवाय वळवून दाखवली की ती बसेल, असं मी धरून चाललो.

सुकाणू मोठं केलं. डोलकाठी वीतभर पुढे घेतली. कापड आणखी ताणलं, कारण नोकरीत रोज ड्रॉइंग तपासणाऱ्या माणसाला सुरकुती बघवत नाही. फरक शून्य. होडी जिथे बांधतो तिथले म्हातारे कोळी काका जाळं दुरुस्त करता करता म्हणाले, "शिडान वारा हाय, पन जोर न्हाय."

घरी येऊन ते बायकोला सांगितलं. ती बिल्डिंगमधल्या बायकांचे ब्लाउज शिवते. शीड हॉलमध्ये पसरून तिने हात फिरवला.

"एवढं सपाट? टक्स कुठेयत? अहो, टक्स नसले तर ब्लाउज अंगावर बसत नाही, यात वारा काय बसणार?"

दोन संध्याकाळी खपून तिने दर दोन काठ्यांमधल्या पट्टीला पुढच्या कडेशी टक्स घातले, म्हणजे चिमटीत कापड धरून निमुळत्या घड्या शिवल्या. कापडाला पोट आलं. मला ते गबाळं वाटलं, पण शीड तसंच नेऊन होडीवर चढवलं.

रविवारी ती काठावर थांबली, मी एकटाच निघालो. आधी वेग घेतला, मग सुकाणू हळूहळू दाबलं. नाक वाऱ्यासमोर आलं, आता अडकणार असं वाटलं, आणि सरळ पलीकडे गेलं. पुन्हा वळवली. तिसऱ्यांदाही वळली. वल्हं कोरडंच.

"पाहिलंस ना? बस आता," काठाला लागत मी म्हणालो.

"होडीची भीती मला तेव्हाही नव्हती," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही माझ्यावर ओरडलात. माझ्या वजनानेच अडकली म्हणालात. बाजूच्या होडीतले लोक हसले."

हे मी वर लिहिलेलं नाही. आठवत होतं, तरी टाळलं. दोन वर्षं मी होडीचं सगळं बदलत बसलो आणि त्या ओरडण्याबद्दल तिला एक शब्द बोललो नाही, याची मला लाज वाटली.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

तिने चपला काढल्या, पदर खोचला आणि "सरका जरा" म्हणत आत येऊन बसली.