वडिलांनी गाडीत भरलेला वाळा

माझे वडील पोळ्याच्या आधल्या आठवड्यात गेले आणि मला रडू आलं नाही. स्मशानातून लोक परतले तेव्हा नाही, दहाव्याला नाही, तेरवीच्या पंगती उठत होत्या तेव्हाही नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, गप्प राहण्याचाच पगार घेते. पण घरात माणूस गेल्यावर मुलीने गप्प राहणं लोकांना चालत नाही. पाहुण्या बायका माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी पुस्तक घेऊन गेले आणि परत आणलं नाही. शेवटी पिठल्यासाठी कांदे चिरायला मी मुद्दाम बसले, तर घाटंजीच्या आत्याने विळीच ओढून घेतली.

"कांद्याचं पाणी धरत नसते वं पोरी," ती म्हणाली.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. आमच्या नात्यात कोण किती रडलं याचा निकाल तीच देते.

वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि फसले. गाडीत बिघाड नव्हता, हाच घोटाळा होता. तिला ऑइल लागत नव्हतं, प्लग नव्हते, कार्ब्युरेटर नव्हता. आयुष्यभर स्कूटर आणि कूलर खोलून बसणारा माणूस सकाळी बॉनेट उघडायचा, आत बघायचा आणि हिरमुसून बंद करायचा. मग एका दुपारी गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात त्यांना एक काम सापडलं, मालकाने घरी करण्याजोगं: केबिन फिल्टर. डाव्या सीटसमोरचा कप्पा काढला की मागे एक चौकट असते, तिच्यात घड्या घातलेला जाड कागद. बाहेरची हवा त्यातून गाळून आत येते.

तेव्हापासून दर रविवारी तो फिल्टर बाहेर निघू लागला. वडील तो कंपाउंडच्या भिंतीवर हलकेच आपटायचे, उन्हासमोर धरून बघायचे आणि आईला हाक मारायचे. धूळ, कापसाचा भुरका, एखादी माशी. "पाह्य, एवढं यवतमाळ तुझ्या छातीत गेलं असतं." आई म्हणायची, "लग्न झालं तवापासून जाऊनच राह्यलं."

ते गेल्यावर गाडी मी चालवू लागले. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी आत्याला घाटंजीला सोडायला निघालो. गाव मागे पडलं आणि माझे डोळे चुरचुरले, भरले, वाहू लागले. नाकही. मी एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्याने ओढणी शोधत होते. मागे आत्या हमसून रडत होती. बाजूला आई खोकत होती.

"आलं बापा," आत्या हुंदक्यातून म्हणाली. "पोरीले रडू आलं. लोकं काय काय बोलून राह्यले होते!"

घाटंजीत तिने ही बातमी घरोघर दिली. माझं नाव मोकळं झालं. खरं सांगते, मलाही हायसं वाटलं. त्यानंतर मी रडण्यासाठी गाडी काढू लागले. कॉलेज सुटल्यावर आईला घेऊन गोधणी रस्त्याने एक चक्कर मारली की पंधरा मिनिटांत मन भरून यायचं. घरी, त्यांच्या खुर्चीसमोर, त्यांच्या चपलांसमोर काहीच व्हायचं नाही. गाडीत बसलं की व्हायचं. मी स्वतःला समजावलं की त्यांचं मन या गाडीत होतं, म्हणून माझंही इथेच हलतं. वाचणाऱ्या माणसाला असली स्पष्टीकरणं लवकर सुचतात.

आईचा खोकला मात्र वाढत गेला. "दुःख छातीत बसलं," आत्याने फोनवर निदान केलं. दिवाळीनंतर काचांवर वाफ धरू लागली, एसीतून हवा येईना, तेव्हा मी आईला घेऊन गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे गेले. ते वडिलांचे विद्यार्थी. पांढरी होत चाललेली दाढी, पण वडिलांचं नाव निघालं की अजून नववीच्या वर्गात उभे राहिल्यासारखे उभे राहतात.

त्यांनी गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डवरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. "मॅडम, ही टिकली कायले लावली?"

पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल टिकली होती. मला वाटलं होतं, वडिलांची काहीतरी श्रद्धा. मिस्त्रींनी नखाने ती काढली. खाली पिवळं चिन्ह लुकलुकत होतं: फिल्टर तपासा.

"गाडी कवाची बोंबलून राह्यली, आन् सरनं तिच्या तोंडाले टिकली लावली!"

"तरीच माहं टिकल्याचं पाकीट लवकर सरे," आई म्हणाली.

मग त्यांनी कप्पा काढला, मागची चौकट ओढली आणि उजेडाकडे धरली. चौकट होती, कागद नव्हता. कागद कापून काढून त्या जागी वडिलांनी वाळा भरला होता, कूलरच्या ताटीत, म्हणजे बाजूच्या जाळीत, भरतात तोच सुगंधी मुळांचा, सुतळीने बारीक टाके घालून शिवलेला. आमच्याकडे मार्च लागला की दर घरी कूलरच्या ताट्या बदलतात, आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या ताट्या वडीलच आमच्या गच्चीवर बसून भरायचे. वाळ्यातून हवा गार आणि सुगंधी होते, हे घराला लागू पडतं तर गाडीला का नाही? त्यांनी उन्हाळ्यात वर पाणीही शिंपडलं असणार. मग पावसाळा आला, ते गेले, आणि वाळ्यावर हिरवी-काळी बुरशी मखमलीसारखी चढली.

"सरनं गाडीत कूलर बसवला," मिस्त्री आदराने म्हणाले. "शिलाई पाह्या. पन मॅडम, यानं तं डोळे जळत असतीन? नाक गळत असन?"

माझ्या सगळ्या शोकाची यादी तो माणूस लक्षणं म्हणून वाचत होता.

"नवीन फिल्टर टाकला की बंद होते ना?" आईने विचारलं.

"गॅरंटी! एक थेंब नाही येनार."

मला ती गॅरंटी नको होती. मिस्त्रींनी पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगावं, तेवढ्या चार-पाच चकरा तरी मिळतील, असं खरोखर माझ्या मनात आलं. प्लास्टिकच्या खुर्चीवर आईला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत मिस्त्री पाण्याची बाटली धरून उभे राहिले. मी म्हटलं, टाका. हवेच्या आतल्या वाटाही धुऊन घ्या. जुना वाळा मात्र पिशवीत बांधून द्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीला दोन गाठी मारल्या आणि ती डिक्कीत ठेवली.

दहा-बारा दिवसांनी आत्या यवतमाळला आली होती, तिला परत सोडायला निघालो. आईचा खोकला बसला होता. आत्याने गाव ओलांडताच हातरुमाल काढून मांडीवर तयार ठेवला. दोन्ही बाजूंना वेचणीचा कापूस पांढरा फुटला होता. पाच किलोमीटर झाले, दहा झाले. गाडीत स्वच्छ, गार, निर्विकार हवा.

"काहून वं?" आत्या शेवटी म्हणाली. "एवढ्यात इसरली बापाले?"

मी आरशात पाहिलं. उत्तर आईने दिलं.

"तिले काय इचारता बाई, तुमचाबी रुमाल कोरडाच हाय."

आणि आईने सगळं सांगितलं: टिकली, वाळा, सुतळी, बुरशी. आत्याने मांडीवरचा कोरडा रुमाल चाचपला. मग तिचा आवाज चढला.

"म्हंजे मी बुरशीनं रडली का, वयनी?"

आई हसली. ऑगस्टपासून पहिल्यांदा, खांदे हलवून, पदर तोंडात धरून.

"फेकला का त्यो वाळा?" आत्याने विचारलं.

"डिक्कीत आहे," मी म्हटलं.

"थांबव गाडी."

मी कडुलिंबाखाली थांबवली. डिक्की उघडून आत्याने दाताने गाठी सोडल्या, पिशवीत तोंड घातलं आणि लांब श्वास घेतला. लागोपाठ चार शिंका आल्या. डोळे लाल झाले, पाणी आलं. तिने रुमाल लावला नाही. बुरशीखाली अजून थोडा वास होता म्हणे, मार्चमध्ये आमच्या गच्चीवर असायचा तो. तिने पिशवी आईकडे दिली.

आईने हुंगलं, शिंकली आणि म्हणाली, "लय हुशार होता बाप्पा तुमचा भाऊ."

मग पिशवी माझ्याकडे आली. मी चष्मा काढून डिक्कीत ठेवला आणि नाक आत घातलं.