कन्डोनचा अर्थ

जळगावच्या कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारे ते गृहस्थ प्रत्येक ओळ संपली की "हं, पुढे," असं स्वतःलाच बजावतात. मी निवृत्त इंग्रजीचा मास्तर, त्यांचा फुकट सल्लागार. सल्ला त्यांनी कधी मागितलेला नाही.

धरणगावच्या एका अक्कांचं शेतीच्या वाट्याचं अपील उशिरा दाखल होत होतं. इंग्रजी अर्जात गृहस्थांनी लिहिलं, 'उशीर कन्डोन करावा.' मी हसलो. "अहो, पाप कन्डोन करतात! उशीर फॉर्गिव्ह करतात." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने शब्द बदलला.

तासाभरात कारकुनाने अर्ज परत केला. कायद्याचा शब्द कन्डोनच होता, आणि अर्ज आजच जायला हवा होता.

"आते कसं व्हई, भाऊ?" अक्का रडवेल्या झाल्या. मी चहाच्या कपात तोंड लपवलं.

"माझीच चूक झाली, अक्का," ते म्हणाले. उघडलेला जेवणाचा डबा बंद करून त्यांनी सगळा अर्ज पुन्हा टाइप केला. कोर्ट उठायच्या आत तो दाखल झाला.

घरी येऊन मी डिक्शनरी उघडली. कन्डोन: चूक दिसत असूनही न दिसल्यासारखं वागणं. खाली वापराचं उदाहरण होतं, पण ते मी दुपारीच पाहून आलो होतो.