जास्वंदीवरचा मावा

आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीच्या टोकाला शिंजिराच्या मादीने घरटं बांधलं. कोळ्याच्या जाळ्याने विणलेली लोंबती पिशवी, दारावर छोटासा छज्जा. सोसायटीतले लोक त्याला हमिंगबर्ड म्हणायचे. हमिंगबर्ड अमेरिकेत असतो, आपला हा सूर्यपक्षी, हे मी निदान चार जणांना तरी सांगितलं असेल.

दोन अंडी, पंधराव्या दिवशी दोन पिल्लं. बायकोने अर्धी दोरी त्यांना सोडली आणि आमचे कपडे घरात पंख्याखाली वाळू लागले. मी सकाळी चहा घेताना अर्धा तास मादीच्या फेऱ्या मोजायचो. बहुतेक वेळा सहा व्हायच्या.

त्याच आठवड्यात घरट्याशेजारच्या कुंडीतल्या जास्वंदीवर मावा पडला, रस शोषणारी बारीक कीड. कळ्या उमलण्याआधीच गळायला लागल्या. बायको म्हणाली, फुलं गेली तर पाखरं खातील काय? दिंडोरीला माझ्या मेहुण्याची द्राक्षबाग आहे. फवारणीतलं उरलेलं औषध आम्ही नातेवाईक नेहमीच कुंड्यांसाठी आणतो. प्रमाण विचारायला त्याला फोन केला.

"दाजी, लिटरला अर्धा मिली. पण तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही मीठसुद्धा मोजून खाता."

मी इंजेक्शनची नळी घेऊन बरोबर अर्धा मिली मोजलं. मादी बाहेर गेल्यावर बायको घरट्यासमोर जुनी ओढणी धरून उभी राहिली. मी जास्वंदीवर फवारलं. वारा नव्हता. घरट्यावर एक थेंबही गेला नाही, याची मला आजही खात्री आहे.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासात अकरा फेऱ्या झाल्या. मी बायकोला म्हटलं, "बघ, काही झालं नाही. उलट वाढल्यात."

मादी कुठून येते हे मी पाहत होतो, पण लक्षात घेतलं नाही. ती जास्वंदीवरून येत होती. मरायला टेकलेले किडे आणि कोळी तिला हातभर अंतरावर, उडून न जाणारे मिळत होते. फुलांतला रस मोठ्यांसाठी. पिल्लांना किडेच लागतात, हे मला ठाऊक होतं.

तिसऱ्या सकाळी घरट्याच्या दारात चोची दिसल्या नाहीत. बायकोने बोटाने पिशवी खालून अलगद उचलून पाहिली आणि तशीच सोडली. पिशवीला वजन होतं, हालचाल नव्हती. मग तिने विचारलं, "हे पक्षी आता कमी झालेत का हो?"

नाही झालेले. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत त्यांची नोंद सर्वांत कमी काळजीच्या गटात आहे. बागांतून, रस्त्याकडेच्या झाडांवर, सगळीकडे दिसतात. मी तिला तसं सांगितलं. ती आत गेली.

मी बादलीभर पाणी आणून जास्वंदीचं पान न् पान धुवायला बसलो. तेवढ्यात मादी आली. चोचीत काहीतरी होतं. मी घरट्याच्या फार जवळ होतो, म्हणून ती दोरीवर थांबली आणि मी हलायची वाट पाहत राहिली.

मी बाजूला झालो.