डबा रिकामाच होता

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, पोटच्या मुलींपाशी नाही. देवापुढे तरी बोलली असशील, असं तुम्ही म्हणाल — तर तिथे तर मुळीच नाही. हात जोडले की मी मुद्दाम भलतंच काहीतरी मागत बसायचे. म्हशीला दूध येऊ दे, धाकटीचं लग्न जमू दे. देवाला बोलायची संधीच द्यायची नाही, असा माझा कावा.

आधी डोहाचं सांगते. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आणि खरं सांगू? डोहाचं सांगायला सोपं आहे.

आमचं गाव सांगलीच्या कोरड्या अंगाचं, खानापूरच्या बाजूला. गावाला ओढा आहे, पण चैत्र लागला की सगळा ओढा वाळू होऊन जायचा. पाणी उरायचं ते एकाच जागी, साती आसरांच्या डोहात. काठावर शेंदूर लावलेले सात दगड, वर करंज आणि जांभळीची दाटी, खाली काळंशार पाणी. वरच्या अंगाला कातळात एक झरा होता, त्याची करंगळीएवढी धार उन्हाळाभर डोहात पडायची. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. डोहातले मासे त्यांची लेकरं, म्हणून कुणी धरायचे नाहीत. डोहात धुणं धुवायचं नाही, त्याला मोट लावायची नाही. जनावरंसुद्धा खालच्या डबक्यावर न्यायची. नवी नवरी गावात आली की आधी डोहावर जायची, माशांना ज्वारीच्या लाह्या टाकायची, मगच घरचा उंबरा ओलांडायची. मीही टाकल्या होत्या. हातभर लांबीचे मासे वर आले, तोंडं उघडून उभे राहिले, आणि माहेर सुटल्याचं रडू विसरून मी हसले. सासूबाई म्हणाल्या, हसली बाई, आसरांनी पदरात घेतली.

पदरात घेतलेल्या सुनेने काय केलं, तेच सांगायचं आहे.

चीनची लढाई होऊन गेली होती. नवरा फौजेत, वर्षातून एकदा यायचा. शेत सासरे आणि मी बघायचो. त्यांना मी मामंजी म्हणायचे. त्या उन्हाळ्यात विहिरीवर वांगी लावली होती आणि वांग्याला अळी पडली. तालुक्याहून आलेल्या शेतकीच्या माणसाने नवं औषध दिलं, एंड्रिन. औषध! विषाला आम्ही औषध म्हणायचो, अजून म्हणतो. त्याने पुन्हा पुन्हा बजावलं होतं, डबा पाण्यापाशी न्यायचा नाही, उरलंसुरलं डब्यासकट खोल पुरायचं. मी तिथेच उभी होते. पदर तोंडावर होता, कान उघडे होते. चौथीपर्यंत शिकलेली मी — डब्यावरची कवटी मला वाचता येत नव्हती थोडीच?

फवारायला भिवा होता. भिवा आणि त्याची बायको शेवंता आमच्याकडे कामाला यायची. ती माणसं बौद्ध झाली होती, आणि तेव्हापासून गावाच्या डोळ्यांत खुपत होती. आसरांच्या जत्रेत हलगी वाजवायचं काम भिवाच्या घराकडे पिढ्यानपिढ्या होतं. त्याने ते सोडलं. वर चावडीत म्हणाला, मासं ते मासं, त्येच्यात द्येव कसला? गावाने ते वाक्य गाठीला बांधून ठेवलं. मी काही वेगळी नव्हते. शेवंता माझ्या जोडीने खुरपायची, माझ्या बाळंतपणात रात्रंदिवस राबली होती, तरी तिला पाणी द्यायचं झालं तर मी वरूनच ओतायचे. हेही सांगून टाकलेलं बरं.

फवारणी झाली. डब्यात तळाशी तांब्याभर औषध उरलं होतं. मामंजींनी ते हलवून बघितलं, डबा भिवाच्या पंपापाशी ठेवला आणि मला म्हणाले, ‘सूनबाय, बांधाकडंला खड्डा काढ आन् पुर ह्ये.’

मला तो डबा हवा होता.

हसू नका. पत्र्याचा चांगला जाड डबा, फिरकीचं घट्ट झाकण, कडी. माझ्या जावेने तिच्या भावाकडून तसाच एक मिळवला होता आणि त्यात घासलेट ठेवून साऱ्या आळीत मिरवत होती. माझ्या घरी घासलेट बाटलीत, बुचाला चिंधी. घर चालवणारी मी, आणि डबा तिच्याकडे? तेवढ्यासाठी — होय, एवढ्याशासाठी — मी डबा पुरला नाही. राख घेतली, काथ्या घेतला, आणि झऱ्यावर गेले. विहिरीवर मामंजी होते म्हणून झऱ्यावर. उरलेलं कातळावर ओतलं. पांढरं दुधासारखं पाणी धारेबरोबर गेलं. कुठे जातंय ते मला दिसत होतं. मनात आलं का? आलं. एवढ्याशानं काय होतंय, असंही लगेच मनात आलं. आणि मी डबा तीनतीनदा विसळला, वास जाईपर्यंत.

सकाळी सारा गाव डोहावर. पाणी दिसत नव्हतं, नुसती पांढरी पोटं. काही मासे अजून जिवंत होते, गोल गोल फिरत काठावर येत होते, जसे लाह्या खायला यायचे तसेच. बायका छाती बडवत होत्या. मीही रडले. ते रडणं खोटं नव्हतं, पण त्याचं करू काय? दुपारपर्यंत मेलेले मासे खाऊन घारी झाडाखाली पडायला लागल्या. एक बगळा पंख पसरून सात दगडांपाशी बसून राहिला होता, हुसकलं तरी उठेना. मी घरी आले, शेणाच्या पाटीत डबा घातला आणि बांधाला नेऊन पुरला. आता पुरला!

संध्याकाळी देवळापुढे गाव बसलं. बायका मागे भिंतीला. औषध कुणाच्या घरात होतं, असं कुणीतरी विचारलं. मामंजी उठून उभे राहिले. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. आमच्याकडे होतं, फवारणी भिवाने केली, थोडं उरलं होतं ते सुनेकडून पुरून घेतलं, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग मागे वळून मला विचारलं, ‘पुरलास न्हवं गं?’

एवढा सोपा प्रश्न. व्हय म्हणाले असते आणि गप्प बसले असते, तर नुसती लबाड ठरले असते. पण सगळी तोंडं माझ्याकडे वळली होती, जावेचंसुद्धा. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणणार, उरलेलं कुठं सांडलंस? मी घाबरले. आणि कुणी न विचारलेलं बोलून गेले.

‘पुरला की. पर डबा रिकामाच हुता, मामंजी.’

मी भिवाचं नाव घेतलं नाही. कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच ऐकवत आले — नाव कुठे घेतलं? घ्यायची गरजच नव्हती. मामंजींनी डबा हलवून बघितला होता. मधल्या वेळात उरलेलं औषध कुणी काढून घेतलं असेल? सारा गाव भिवाकडे बघायला लागला. मासं ते मासं म्हणणारा तोच, औषध हाताळलेला तोच. भिवा म्हणाला, ‘आवं, म्या कशाला करीन? माजी पोरं त्येच झऱ्याचं पाणी पित्यात.’ कुणी ऐकलं नाही. त्याला मारलं. शेवंता मध्ये पडली, तिलाही लागलं. मी भिंतीला टेकून उभी होते.

पुढे त्यांना कुणी काम द्यायचं नाही, वाण्याने मीठ द्यायचं नाही, झऱ्यावर येऊ द्यायचं नाही, असं ठरलं. शेवंता आमच्या दारात आली तेव्हा तिला नको येऊस म्हणून सांगायचं काम सासूबाईंनी मला दिलं. मी सांगितलं. आतून, दार अर्धं लोटून. महिना झाला नाही तोवर त्या माणसांनी घराचे वासे विकले आणि ती मिरजेला निघून गेली.

आणि डोह? आसरा कोपतील म्हणून लोक वर्षभर घाबरून होते. काहीच झालं नाही. नुसते डास झाले. बेडूक ओरडेनासे झाले, खंड्या दिसेनासा झाला. मग भीती चेपली. ज्या डोहात देवाचे मासे नाहीत तो डोह कसला, नुसतं पाणी! पहिलं इंजीन कुणी बसवलं त्या पाण्यावर? आम्ही. नवरा रजेवर आला होता, त्याला उसाची हौस. मामंजी नको म्हणाले, मी हो म्हणाले. मग दुसऱ्याने बसवलं, तिसऱ्याने बसवलं. पाइप टाकायला करंज तोडले, जळणाला जांभळी गेल्या. ऊस आला, घरावर कौलं आली. माझ्या पायांत जोडवी होती, त्यावर पैंजण आले. झरा कधी आटला, ते कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. शेजारच्या गावांचेही ओढे आटले, तिथे मी डबे धुवायला गेले नव्हते, हे मला कळतं. पण आमच्या डोहाला जी एक राखण होती, आसरा म्हणा, चाल म्हणा, ती मी मारली. माझ्या हाताने, राख लावून घासून.

मी पुढे वांग्यावर कधी औषध मारलं नाही. राख टाकते, कडुलिंबाचा पाला कुटून शिंपडते. गावातल्या पोरीबाळी कौतुक करतात, आजी जुन्या वळणाची, मातीला जपते. जपते कसली! मला त्या वासाने मळमळतं, एवढंच आहे ते.

अजून एक उरलं आहे. इतकं सांगून थांबले असते तर चाललं असतं, असं मघापासून वाटतंय.

सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन मिरजेला करायचं ठरलं, तेव्हा मी सोबत गेले. दवाखान्यात रोग्यांची भांडी बघणारी आया आली, ती शेवंता. तिनेच मला आधी ओळखलं. मला वाटलं, आता थुंकेल. तिने सासूबाईंचे पाय चेपले, मला गरम पाणी आणून दिलं. वरून नाही, हातात. भिवा रेल्वेच्या कोळशावर कामाला होता, छातीच्या दुखण्याने गेला, म्हणाली. मग माझ्याशेजारी जमिनीवर बसली.

‘वैनी, तुमास्नी म्हनून सांगत्ये. मरताना बी त्यो म्हनत हुता, शेवंते, म्या न्हाई केलं गं. म्या म्हनलं, आता तरी खरं बोला. तोंड फिरीवलं त्येनं. पुना बोललाच न्हाई.’ तिने डोळे पुसले. ‘तुमी कशाला खोटं बोलाल? तुमचं काय वाकडं केलं हुतं आमी?’

खाटेवर सासूबाई डोळ्यांना पट्टी बांधून पडल्या होत्या. आसपास दुसरं कुणी नव्हतं. घाबरण्यासारखं काहीच नव्हतं — गाव नव्हतं, देऊळ नव्हतं, मामंजी तर कधीचे गेले होते. एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या तोंडाशी आलं होतं ते.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, ‘झालं गेलं, शेवंता. माफ कर त्येला.’

ती हो म्हणाली. आम्ही तिथे होतो तोवर रोज सासूबाईंसाठी पेज घेऊन येत होती. आता तीही गेली, आपला नवरा खोटा होता असं समजून.