"घरी कोण कोण आहे?"

कालीचा नावाच्या आमच्या डॉक्टरीणबाईंना अख्खं नारिन शहर एजे म्हणतं, म्हणजे थोरली बहीण. कुणी डोकं धरून आमच्या कॅज्युअल्टीत आलं, की एजे गोळीच्या आधी विचारणार, "घरी कोण कोण आहे? त्यांचंही दुखतंय का?" लोक वैतागतात. डोकं माझं फुटतंय, घरच्यांची कसली चौकशी? एजेंचा धाकटा मुलगा लग्नाचा आहे, म्हणून बाई मुली हेरतात, असं बाजारात म्हणतात. मी त्यांची ॲम्ब्युलन्स चालवतो. ही चेष्टा मीही केलेली आहे. एजेंचे वडील कोळशाच्या खाणीत होते. खाणीत एकाचं डोकं दुखलं की तो आधी शेजारच्याला विचारायचा, तुझंही दुखतंय का? प्रश्न तिथला.

त्या जानेवारीत थंडी अशी, की गाडीचं इंजिन बंद करायची सोय नव्हती. एके दिवशी सकाळीच साइकाल नावाची पोर शालीत गुरफटून आली. ओली बाळंतीण, नवरा रशियात कामाला. बाळंतिणीनं चाळीस दिवस उंबरा ओलांडायचा नसतो. सासूचा डोळा लागल्यावर ही शेजाऱ्याच्या गाडीतून निसटली होती.

"एजे, डोकं फुटतंय. सासूबाईंना सांगू नका."

एजेंचा चेहरा गंभीर झाला. बाळंतिणीचं डोकं दुखणं म्हणजे खेळ नव्हे. बीपी पाहिलं, ठीक. सूज नाही, अंधारी नाही, ताप नाही, मानही वळते. बोटाला लावायच्या यंत्रानं ऑक्सिजन उत्तम दाखवला.

"झोप नाही, दुसरं काय," तरुण डॉक्टर एर्मेक म्हणाला. "गोळी देऊन पाठवू."

"थांब जरा. आता कसं वाटतंय गं?"

"वाटेत कमी झालं. गाडीची काच उघडी होती."

"घरी कोण कोण आहे?"

"सासूबाई आणि बाळ. सासूबाईंचंही रात्रीपासून दुखतंय, पण त्यांना बीपी आहे." मग पोर हसली. "बाळानं मात्र आज छळलं नाही. पहाटेपासून दूधसुद्धा मागितलं नाही."

एजे ताडकन उठल्या. "शेगडीच्या धुराड्याची झडप कधी लावलीत?"

"रात्री. निखारे होते तेव्हाच. ऊब निघून जाते ना."

"आणि खिडक्या?"

"पट्ट्या लावून बंद. बाळाला वारा लागेल."

"सासूला फोन लाव."

रिंग नुसती वाजत राहिली. शेजारी बाजारात गेलेला, त्याच्या घरी कुणी नाही.  कोंडलेल्या कोळशातून जो विषारी वायू निघतो, त्याला ना वास, ना रंग.

"एर्मेक, त्या यंत्रावर जाऊ नकोस, या वायूत ते फसतं," एजे म्हणाल्या. "हिला ऑक्सिजन लाव." पण साइकाल कसली थांबते? तिला मास्क लावूनच गाडीत बसवली.

पुलावर मेंढ्यांचा कळप आडवा आला. मी मेंढपाळाच्या सात पिढ्या उद्धरल्या.

"तोंड नको, हॉर्न वाजव," एजे म्हणाल्या.  

घराशी पोचताच त्यांनी दगडानं खिडकी फोडली, दार सताड उघडलं आणि श्वास रोखून आत शिरल्या. मी म्हातारीला ओढत बाहेर आणलं. ती कण्हत होती. एजेंनी कोटात गुंडाळून बाळ आणलं. लुळं पडलं होतं. गाडीत त्याला मास्क धरला, तर तो त्या चेहऱ्याला केवढा तरी मोठा. एजे त्याचे तळवे चोळत राहिल्या. साइकाल रडतही नव्हती, नुसती बघत होती. मी गाडी हाकत होतो आणि कान मागे लावून बसलो होतो. पूल गेला, बाजार गेला, मागे काहीच नाही.

हॉस्पिटलच्या फाटकाशी बाळ रडलं. आधी मांजरासारखं, मग चांगलं टाहो फोडून. मी गाडी लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो.

दुपारी सासूबाई शुद्धीवर आल्या. बाळ पाहिलं, मग सून.

"चाळीस दिवसांच्या आत घराबाहेर पडलीस?"

साइकालनं मान खाली घातली.

"नको म्हटलं होतं ना मी?"

"हो, आई."

म्हातारीनं मास्क बाजूला सारला. "बरं झालं ऐकलं नाहीस," ती म्हणाली, आणि सुनेचा हात काही सोडेना.